सहाला एक

‘एलिट डेंजरस’ या 2014 च्या अंतराळखेळात जहाजाचं इंजिन पाचव्या दर्जापर्यंत चढवायचं, तर माल जमवावा लागतो. तिथल्या व्यापाऱ्याचा दर ठरलेला: हलके 6 नग द्या, वरच्या दर्जाचा 1 घ्या, वरचा 1 मोडा, हलके 3 घ्या. म्हणून हुशार गडी हलकं वेचत बसत नाही, थेट वरचंच गोळा करून मोडत राहतो. विदर्भातल्या मारेगावचा कापूसवाला मात्र पिढ्यान्‌पिढ्या हलक्याच टोकाला उभा. क्विंटलभर कापसात रुई जेमतेम 33-34 किलो. ती सदरा होऊन परत येते तेव्हा सहाला एक हा दर दानधर्म वाटावा.

मग त्यानंही वरचा माल काढावा, असं सुचवणाऱ्यांनी विदर्भातल्या बंद सहकारी सूतगिरण्यांची कुलपं पाहून यावं. खेळ वेगळा नि शेती वेगळी, हा आक्षेप खराच. खेळात पूर्वी सुधारणा करताना नशिबानं यंत्र बिघडायचंही. खेळाडूंनी बोंब ठोकली, आणि 2018 पासून दर्जा चढतोच, उतरत नाही. इकडे ऐन वेचणीत पाऊस आला की ओलावा 8 टक्क्यांपुढे जातो नि सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) काट्यावर भाव कापला जातो. 12 च्या वर गाडी सरळ माघारी.