मुरुडचे गाडीशास्त्री

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडसारख्या गावात चारचाकी घेणं हा एका घरापुरता मामला नसतो. सोयाबीनची पट्टी हातात आली, उसाचं बिल जमा झालं किंवा पोरगा पुण्यात नोकरीला चिकटला, की घरात गाडीचा विषय निघतो आणि कुणीतरी म्हणतंच, "एकदा बप्पाला विचारा की." बप्पा म्हणजे गावाचे गाडीशास्त्री. असा एक बप्पा प्रत्येक गावात असतो. वय पन्नाशीच्या अल्याड-पल्याड, खिशाला पेन, बैठक स्टँडजवळच्या हॉटेलात आणि स्वतःचं वाहन स्प्लेंडर. चारचाकी त्यांनी जन्मात घेतलेली नाही. पण "कोणती घ्यायलाव?" एवढं विचारून ते जे सुरू होतात, ते चहाचा दुसरा कप रिकामा झाल्याशिवाय थांबत नाहीत. "टाटा म्हणजे लोखंड, पण वायरिंगचं बघून घ्या. मारुती म्हणजे पत्रा, पण मरत नाही. महिंद्रा म्हणजे ताकद, पण मिस्त्रीसंगं सोयरीक करावी लागती. होंडा बेस, पण पार्ट महाग. आन् टोयोटा घ्यायची ऐपत असती तर तुमी मला इचारायलाच आला नसता." शोरूमवाल्याला तासभर लागतो ते सगळं इथे पाच वाक्यांत उरकतं. दार उघडून जोरात लावायचं आणि आवाजावरून कंपनीची लायकी सांगायची, ही त्यांची प्रयोगशाळा.

बप्पांना हसणं सोपं आहे. जगात हे काम मोठमोठ्या संस्था करतात. अमेरिकेतली जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना गाठते आणि दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी निघाल्या याचा आकडा काढते. आकडा जितका लहान तितकी कंपनी वर. १९३६ पासून चालू असलेली कंझ्युमर रिपोर्ट्स ही संस्था आपल्या सभासदांकडून असाच हिशेब गोळा करते. दोन्हींकडे लेक्सस आणि टोयोटा ही नावं वर्षानुवर्षं वरच्या रांगेत दिसतात. म्हणजे अमेरिकेतल्या मालकांनी मिळून जे सांगितलं, ते बप्पांनी मुरुडच्या स्टँडवर एका कपात सांगितलं. पण निकाल जुळला म्हणून रीत बरोबर ठरत नाही. बप्पांच्या हिशेबात भागाकारच नसतो. समजा गावात मारुती २०० आणि स्कोडा दोन आहेत. वर्षात २० मारुती गॅरेजला गेल्या तर त्याची बातमी होत नाही. पण दोन स्कोडांतली एक ढोकीच्या पुढे बंद पडली आणि ट्रॅक्टरला बांधून आणावी लागली, की ती पुढची पाच वर्षं ताजी बातमी. "स्कोडा? घ्या की. संगं ट्रॅक्टर बी घ्या." दोन गाड्यांवर भागाकारही टिकत नाही, तरी एका गाडीवर अख्ख्या कंपनीचा निकाल लागतो आणि त्याच्यावर अपील चालत नाही.

भागाकार करणाऱ्यांचंही सगळंच सोवळ्यातलं आहे असं मात्र नाही. जे. डी. पॉवरच्या मोजणीत गिअरबॉक्स बसणं ही एक तक्रार आणि मोबाइल गाडीच्या स्क्रीनला न जुळणं हीसुद्धा एक तक्रार. अलीकडे तर त्यांच्या यादीत सर्वांत जास्त भरणा स्क्रीन आणि तिच्या भावकीचाच असतो. मुरुडात स्क्रीन गेली तर ड्रायव्हर मोबाइल डॅशबोर्डवर टेकवतो, गाणी लावतो आणि तुळजापूरला जाऊन येतो. क्लचप्लेट गेली तर मात्र लग्नाचा मुहूर्त टळतो. या दोन दुखण्यांतला फरक बप्पांना कळतो आणि कोष्टकाला कळत नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे.

खरी गंमत पुढे आहे. कंपनीचं नाव पाहून भरवसा ठरवायचा, हे बप्पांचं मूळ सूत्र. आणि ते किती टिकतं हे तपासायची सोय भारतीय बाजारानेच करून ठेवली आहे. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या. मारुतीने ते परवान्यावर बनवून २००७ मध्ये स्विफ्टमध्ये घातलं. टाटांनी पुढच्या वर्षी इंडिका व्हिस्टामध्ये घातलं. खुद्द फियाटने २००९ मध्ये पुंटोत घातलं. फियाटचं आणि टाटांचं इंजिन तर रांजणगावच्या एकाच कारखान्यातून निघत होतं. थोडेफार सुटे भाग इकडेतिकडे असतील, पण जात एकच. आता स्टँडवरचा निकाल ऐका. स्विफ्टचं इंजिन म्हणजे "लाखभर किलोमीटर बोनेट उघडायचं काम नाही." व्हिस्टाचं म्हणजे "भाड्याच्या धंद्याला बरं." पुंटोचं म्हणजे "नाव बी काढू नका." ज्याने इंजिन जन्माला घातलं तोच बेभरवशाचा ठरला आणि काही वर्षांत फियाट नावाची गाडी भारतात मिळेनाशी झाली. २०१९ मध्ये याच नाटकाचा दुसरा अंक झाला. सुझुकीने बनवलेली बलेनो टोयोटाने ग्लान्झा म्हणून विकायला घेतली. पत्रा तोच, इंजिन तेच, दाराचा आवाजही तोच. बप्पांनी दोन्हींची दारं लावून पाहिली आणि सांगितलं, "टोयोटाचं वजन कळतंय बगा."

इथे कुणी म्हणेल, की मग लोक काय वेडे आहेत? तर तसं नाही. ग्लान्झाला सुरुवातीला तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी होती आणि त्या वेळी बलेनोला दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरची. बिल्ल्याच्या मागे एवढा तरी खरा फरक होता. पुंटोच्या बाबतीत फरक याहून मोठा होता. इंजिन तेच असलं तरी तिचा बंपर, तिची काच, तिचा सेन्सर मागवायचा कुठून हा प्रश्न होता. स्विफ्टचा पार्ट लातूरला कोणत्याही दुकानात मिळायचा आणि बसवणारा मिस्त्री गावातच होता. गाडी किती वेळा बिघडते हे शहरातल्या माणसाला महत्त्वाचं. मुरुडातल्या माणसाला ती बिघडल्यावर किती दिवस उभी राहते हे महत्त्वाचं. बप्पा ज्याला गाडीचा भरवसा म्हणतात तो बहुतांशी सुट्या भागांच्या दुकानाचा आणि मिस्त्रीच्या हाताचा भरवसा असतो. भारतात जे. डी. पॉवरने ग्राहकांच्या समाधानाची मोजणी केली, तीत मारुती दहाहून अधिक वर्षं सलग पहिली आली. पण ती मोजणी सर्व्हिसिंगच्या समाधानाची होती, गाडीच्या टिकाऊपणाची नव्हे. लोकांनी ती गाडीलाच लावली, आणि मुरुडपुरता विचार केला तर फारसं चुकलं नाही. म्हणून बप्पांची यादी गाडीबद्दल चूक आणि गावाबद्दल बरोबर, असा माझा कौल आहे.

मात्र ही यादी शिळी फार. बप्पांच्या मनात कंपनीची कुंडली एकदा मांडली की ग्रह हलत नाहीत. इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये आली, सुरुवातीच्या गाड्यांच्या तक्रारी झाल्या, कंपनीने भाग फुकट बदलून दिले आणि २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू आणली. तिने पुढे महाराष्ट्रभर टॅक्सीचा धंदा ओढला. बप्पा अजून १९९९ सालातच उभे आहेत. मारुतीला ८०० ची पुण्याई त्याच हिशेबाने मिळते. ती गाडी १९८३ ची, २०१४ मध्ये बंदही झाली, पण आजच्या ग्रँड विटाराची शिफारस करताना बप्पा दाखला तिचाच देतात. त्यात आता सुरक्षिततेचे तारे आले. डिसेंबर २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. ६४ किलोमीटर वेगाने आदळल्यावर आतला माणूस वाचतो का, याची ती परीक्षा. बप्पांनी ते तारे सरसकट इंजिन, गिअरबॉक्स आणि एसीलाही वाटून टाकले.

उलट जिथे सावध करायला हवं तिथे शास्त्र गप्प असतं. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी आली. ही गाळणी साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेला, वेगात, बराच वेळ चालावी लागते. घर ते शेत, शेत ते बाजार एवढंच फिरणाऱ्या डिझेल गाडीत ती तुंबते, मग गाडी महिंद्राची असो, टाटाची असो की टोयोटाची. म्हणजे रोज पुण्याला पळणाऱ्याची उत्तम गाडी तीच शेतकऱ्याची डोकेदुखी होऊ शकते. कंपनीच्या नावाने लावलेल्या यादीत याला जागाच नाही, अमेरिकेतल्या नाही आणि स्टँडवरच्याही नाही.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो वजनदार आहे. ज्याच्या दारात गाडीच नाही अशा माणसाला विचारायचं कशाला? थेट मालकालाच विचारावं. पण मालकाची साक्ष बप्पांहून कच्ची असते. त्याने कर्ज काढलेलं असतं, ४१४१ म्हणजे 'दादा' असा नंबर पैसे मोजून घेतलेला असतो, तुळजापूरला नेऊन गाडीला हार घातलेला असतो, आणि चुलतभावाने मुद्दाम दुसऱ्या कंपनीची घेतलेली असते. असा माणूस "गिअरबॉक्स आवाज करायलाय" हे भावकीत कबूल करील काय? शिवाय एमएच २४ पासिंगची ती गाडी त्याला उद्या याच गावात विकायची आहे. म्हणून प्रत्येक मालकाचा अनुभव एकच: "काईच तरास नाही." बप्पांचा एक रुपया अडकलेला नाही, म्हणून निदान त्यांची चूक तरी प्रामाणिक असते.

तेव्हा मुरुडात गाडी घ्यायला निघालेल्यांनी बप्पांना चहा जरूर पाजावा. त्यानंतर त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची गाडी विकून मोकळा झालेला माणूस शोधावा, आणि ती भाड्याने मारणारा एखादा ड्रायव्हर. कंपनी चांगली की वाईट हे त्यांना विचारू नका. कितव्या किलोमीटरला काय गेलं, पार्ट किती दिवसांनी आला आणि बिल किती झालं, एवढं विचारा; आणि हे लातूरच्या शोरूममध्ये बुकिंगचे पैसे भरायच्या आधी विचारा.