ओलाव्याची घट

ज्या गावाचा उदरनिर्वाह वजनावर चालतो त्या गावच्या माणसाने निदान वजनाच्या बाबतीत तरी भाबडे असू नये, अशी एक रास्त अपेक्षा मी मास्तरकीच्या निमित्ताने अकोटास आलो तेव्हा मनाशी बाळगून होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या ह्या तालुक्याच्या गावात दिवाळी उलटली आणि कापसाच्या गाड्या बाजार समितीच्या आवारात शिरू लागल्या, की भुईकाट्यापासून किराण्याच्या तागडीपर्यंत जिकडे पाहावे तिकडे काहीतरी तोलले जात असते. आणि तोलणारे, तोलून घेणारे व दोघांवरही संशयाने नजर ठेवणारे अशा तीनच वर्णांत त्या दिवसांपुरते सारे गाव विभागलेले असते. परंतु भाऊसाहेबांशी परिचय झाला आणि ती अपेक्षा मला बेमुदत तहकूब करावी लागली.

भाऊसाहेब नावाचे गृहस्थ वऱ्हाडातल्या प्रत्येक पेठेत एकेक तरी असतातच, तेव्हा त्यांचे खरे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मी ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांचा धंदा वडिलोपार्जित अडतीचा. कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालावा, मूठभर बोंडे बाहेर काढावीत, त्यांतील एक सरकी दाताखाली फोडावी आणि ‘ओल हाय, भाऊ’ एवढे तीनच शब्द उच्चारावेत. त्यानंतर ओलावा मोजणाऱ्या यंत्राला केवळ दुजोरा देण्याचे काम उरते, अशी त्यांची ख्याती. ओलावा ८ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे प्रत्येक टक्क्यामागे कपात आणि १२ च्या वर सरकारी खरेदी मुळीच नाही, हा कायदा तर त्यांना तोंडपाठ आहेच. परंतु आज क्विंटलभर भरलेला ओला माल आठ दिवसांनी किती भरेल, आणि वाळलेल्या क्विंटलभर कापसातूनही रुईचा उतारा ३४-३५ किलोंच्या पुढे का सरकत नाही, हेही ते झोपेत सांगू शकतात. अशा ह्या पारखी पुरुषाने आपल्या देहाच्या वजनाविषयी जो व्यवहार केला, तो एखाद्या नवख्या शेतकऱ्याच्या पोरानेही केला नसता.

स्वतःच्या लग्नात भाऊसाहेब ६२ किलो भरले होते आणि मी ही हकीकत लिहावयास घेतली त्या वर्षी ९६. बावीस वर्षांत ३४ किलो, म्हणजे नेमकी एका क्विंटल कापसाची रुई, त्यांनी सालिना दीड किलोच्या संथ हप्त्याने अंगी लावून घेतली होती. अकोला ते अकोट हा ४४ किलोमीटरांचा लोहमार्ग रुंद करण्यासाठी सरकारने २०१७ च्या आरंभी मीटरगेजच्या गाड्या बंद केल्या आणि रुंद रुळांवरून पहिली प्रवासी गाडी धावावयास नोव्हेंबर २०२२ उजाडला. एका मीटरचे १.६७६ मीटर करण्यास लागलेल्या ह्या विलंबाबद्दल भाऊसाहेबांनी रेल्वेखात्याचा जितका उद्धार केला तितका क्वचितच कोणी केला असेल. त्यांचे स्वतःचे रुंदीकरण मात्र ह्या अवधीत निविदा, नोटीस किंवा भूसंपादन ह्यांपैकी कशाचीही वाट न पाहता, लग्नसराईतील पंगती, मार्गशीर्षातील रोडगे आणि दुकानातील चारच्या चहाबरोबरचा आलूबोंडा ह्यांच्या बळावर निर्विघ्नपणे पार पडत होते.

आणि मग भाचीचे लग्न ठरले. मामाने मुलीला बोहल्यावर आणावयाचे, म्हणजे सगळ्या वऱ्हाडाची दृष्टी मामावर खिळणार. आणि ह्या प्रसंगी घालावयाचा जो बंद गळ्याचा कोट धाकट्या भावाच्या लग्नात शिवलेला होता, त्याची बटने आणि काजे ह्यांत आता चार बोटांचे वैमनस्य उत्पन्न झाले होते. लग्नाला २१ दिवस अवकाश होता. भाऊसाहेबांनी नरसिंग महाराजांच्या मंदिरात नारळ फोडला, प्रसादाचे खोबरे खाल्ले, आणि वाटेत मला थांबवून फर्मान काढावे तसे सांगितले, ‘‘मास्तर, एकवीस दिवसांत दहा किलो उतरवाचं हाय. बोलणं झालं, आता माघार नाई.’’

हेच ते वजन उतरवू निघालेल्यांच्या वर्गाचे व्यवच्छेदक लक्षण. वजन वाढवताना हा मनुष्य कधी मुदत ठरवीत नाही. उतरवताना मात्र तारीख, तिथी व मुहूर्त ठरवल्यावाचून पाणीसुद्धा पीत नाही.

मी शिक्षकी धर्माला जागून त्यांना दोन दाखले दिले. पहिला चरकाचार्यांचा. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आचार्यांनी आठ निंदित पुरुषांमध्ये अतिस्थूलाची गणना केली असून त्याला जव, मध, ताकाचे अरिष्ट अशा पदार्थांचा उपदेश केला आहे, आणि जागरण, व्यायाम व चिंतन ही क्रमाक्रमाने वाढवीत न्यावीत असे बजावले आहे. ह्या सर्व प्रवचनातून भाऊसाहेबांनी ‘एकविसावा’ एवढा एकच शब्द उचलला आणि आपल्या २१ दिवसांना शास्त्राधार सापडल्याचे समाधान मानले. क्रमाक्रमाने वाढवावयाच्या गोष्टींपैकी चिंतन तेवढे त्यांनी पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रेत सुरू केले. दुसरा दाखला विल्यम बँटिंग नामक लंडनच्या गृहस्थाचा. राजघराण्यातील अंत्ययात्रांचा सरंजाम पुरवणे हा त्याच्या पेढीचा धंदा. हा इसम इतका स्थूल झाला होता की त्याला वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे आणि जिना उतरताना तो पाठमोरा उतरे. साखर, पाव, बटाटे इत्यादी वर्ज्य करून त्याने ३८ आठवड्यांत ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो वजन उतरवले आणि १८६३ साली त्याचे एक चोपडे छापले. ते इतके गाजले की स्वीडनच्या भाषेत अल्पाहाराने वजन उतरवण्याला आजही त्याच्याच नावावरून ‘बांटा’ म्हणतात. आठवड्याला एक पौंडाचीही घट नाही, हे मी विशेष जोर देऊन सांगितले. भाऊसाहेबांनी क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, ‘‘थो इंग्रज ढिला होता, मास्तर.’’

त्यानंतर ते मला साक्षीदार म्हणून डॉक्टरांकडे घेऊन गेले. तेथील संवाद ऐकताना, जुन्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत त्यांची मला आठवण झाली. डॉक्टरांनी सांगितले, आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. सहा महिन्यांत एकंदर वजनाच्या ५ ते १० टक्के उतरले आणि टिकले, तरी रक्तदाब आणि साखर दोन्ही तुम्हाला दुवा देतील.

‘‘डॉक्टरसाहेब,’’ भाऊसाहेब खुर्ची पुढे ओढीत म्हणाले, ‘‘मी दहा सांगतो, तुमी आठ म्हना.’’

‘‘तीन आठवड्यांत दोन. फार तर तीन.’’

‘‘सात. तुमचाही शब्द रायला, माहाही रायला.’’

‘‘दोन.’’

‘‘बरं सोडा, सहा! अन् फी रोख देतो.’’

डॉक्टरांनी शांतपणे कागदावर हिशेब मांडला. अंगावरील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरींची ठेव. दहा किलोंची ७७ हजार. तिला २१ दिवसांनी भागले तर रोज साडेतीन हजारांहून अधिक खर्च पडावयास हवा. ‘‘भाऊसाहेब, तुम्ही उद्यापासून अन्नाचा कणही घेतला नाही तरी ही रक्कम भरत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘दुसरीकडे भाव काढून पाहा.’’ सौदा मोडला. बाहेर पडताना भाऊसाहेब एवढेच पुटपुटले, की डॉक्टर शिकलेला आहे, पण धंद्यातला नाही.

पहिला आठवडा दिग्विजयाचा गेला. पहाटे मधलिंबाचे पाणी, दुपारी दुधीचा रस, रात्री नुसते ताक, आणि कापसाच्या आवाराला घड्याळ लावून चार प्रदक्षिणा. घरात हाहाकार उडाला. त्यांच्या वृद्ध मातोश्रींनी तर ९६ किलोंच्या ह्या पुत्राकडे पाहून डोळ्यांना पदर लावला, ‘‘वाळून काटकी झालं वं माह्यं लेकरू!’’ आठव्या दिवशी सकाळी काट्याने ९३.२ दाखवले आणि ही वार्ता सूर्योदयापूर्वी अकोल्याच्या व्याह्यांपर्यंत जाऊन पोचली. दुकानात पेढे वाटले गेले. सत्कारमूर्तीने त्यांतले दोन स्वतःच्या सत्काराप्रीत्यर्थ स्वीकारले.

मला राहवले नाही. ‘‘भाऊसाहेब,’’ मी म्हणालो, ‘‘ह्या वेगाने तेहतीस-चौतीस आठवड्यांत तुम्ही निःशेष व्हाल, आणि दुकानात नुसता कोट बसलेला आढळेल.’’ मग मी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावण्याचा प्रयत्न केला. यकृतात आणि स्नायूंत पिष्टाची एक शिल्लक साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे एकदम तोडले की देह आधी ही हातची शिल्लक मोडतो आणि तिच्याबरोबर पाणीही वाहून जाते. पहिल्या आठवड्यात काटा झरझर उतरतो तो बहुतांशी ह्यामुळे. रुईला अजून हात लागलेला नसतो. ‘‘सरकी दाताखाली फोडून पाहा,’’ मी म्हणालो, ‘‘ही ओल हाय, भाऊ.’’

आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालातली ओल पाहिलेल्या त्या पुरुषाने माझ्याकडे कनवाळू दृष्टीने पाहिले आणि मला तिसरा पेढा दिला.

दुसऱ्या आठवड्यात काटा ९३.२ वर येऊन जो बसला तो उठेना. तीन दिवसांनी तर तो ९३.५ म्हणू लागला. भाऊसाहेबांनी घड्याळ उतरवले, अंगठ्या उतरवल्या, करगोट्यातली किल्ली उतरवली. काटा न्हाणीघरातून ओसरीत आणि ओसरीतून देवघराच्या उंबऱ्याशी हलवला. अखेर त्याच्याविरुद्ध रीतसर पंचनामा करण्याच्या इराद्याने तो दुकानात नेऊन, प्रमाणित वजने मागवून, चार माणसांसमक्ष तपासणी आरंभली. वीस किलोंना वीस, चाळीस किलोंना चाळीस. काट्याने ग्रॅमाचीही लबाडी केली नाही. तीस वर्षे पाठीवर गाठी वाहिलेला एक हमाल हा प्रकार बिडी विझवून पाहत होता. तो अत्यंत अदबीने म्हणाला, ‘‘शेठ, काटा बराबर हाय. मालच जास्त हाय.’’

तिसऱ्या आठवड्याच्या रविवारी निर्वाणीचा उपाय म्हणून नरनाळ्याची स्वारी निघाली. जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड अशा तीन किल्ल्यांचा हा जोडदुर्ग. जंगलखात्याच्या परवानगीने वर मोटार जाते, परंतु भाऊसाहेबांनी ती नाकारली. शहानूरहून निघालेला हा पायदळी सरदार महाकाली दरवाज्यापर्यंत पोचला तेव्हा त्याचा सदरा पिळण्याच्या अवस्थेत होता, आणि नऊगजी तोफेशी पोचल्यावर, तिला वर कोणी आणले असेल ह्या विचाराने तो तोफेइतकाच मूक झाला. शरणागती मात्र किल्ल्यावर झाली नाही. ती पायथ्याशी एका स्नेह्याच्या शेतात झाली, जेथे गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले जात होते आणि वांग्याच्या भाजीची तर्री दरवळत होती. एवढ्या श्रमानंतर शास्त्राची हरकत नसावी, असे म्हणत त्यांनी तुपात बुडवलेले पाच रोडगे संपवले. तासभर चालून देह जे जाळतो ते एखाददुसऱ्या कचोरीत परत येते. पाच रोडग्यांत तर नरनाळा दोनदा चढून उतरण्याची बेगमी होती.

लग्नाच्या दिवशी भाऊसाहेब ९४ किलो भरले. डॉक्टरांचा भाव दोन किलोंचा होता. बरोबर तोच फुटला. शिंप्याने कोटाच्या दोन्ही कुशींत पट्ट्या घातल्या, मामा भाचीला घेऊन थाटात बोहल्यापाशी आला, आणि वऱ्हाडाची दृष्टी, जशी ती सर्व लग्नांत असते तशी, नवरीवर होती.

ह्यापुढची हकीकत विनोदी लेखकाच्या दृष्टीने अत्यंत निराशाजनक आहे. लग्न आटोपले, मुदत संपली, आणि मुदतीबरोबर भाऊसाहेबांचा उत्साहही संपेल ह्या माझ्या अटकळीवर पाणी पडले. चारचा आलूबोंडा आठवड्यातून एकदाच, रात्री दुसऱ्यांदा वाढून घेणे बंद, आणि दुकानात पायी जाणे-येणे, एवढे तीनच करार त्यांनी कोणालाही न सांगता स्वतःशी केले, आणि काटा कपाटावर टाकून दिला. मी कारण विचारले तेव्हा कापसाचा एक ढीग चाचपीत ते म्हणाले, ‘‘ओल उडाली, मास्तर. आता जे जाईन थे रुईतलं. थे हिशेबानंच जाते.’’ आणि तो जाण्याचा वेग पुढेपुढे अधिकच मंदावतो, कारण देह जसजसा हलका होतो तसतसा त्याचा रोजचा खर्चही उतरतो, हे मी त्यांना सांगणार होतो. पण ज्याने बोलणे थांबवून चालणे सुरू केले आहे त्याला व्याख्यान देऊ नये, एवढी अक्कल मला त्या वर्षात आली होती.

भाऊसाहेबांची आता एकच तक्रार आहे, की पहिल्या आठवड्यात २.८ किलो गेले तेव्हा गावभर पेढे झाले, आणि आता कोणाच्या लक्षातही येत नाही. गेल्या दिवाळीला, म्हणजे बरोबर एका वर्षाने, ते बाजाराच्या काट्यावर ८८ भरले. कोटातल्या पट्ट्या शिंप्याने उसवून दिल्या आहेत आणि बटने बिनतक्रार लागतात. घरात लग्न मात्र सध्या कोणाचेही नाही.