घोड्याला सरावलेला हात

मी घोडे काढतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली की तापीकाठी देशभरातले घोडे उतरतात आणि काही हौशी मालकांना आपल्या जनावराचं चित्र हवं असतं. चार पाय आणि तोंड पांढरं म्हणजे पंचकल्याणी, देवमण कुठं असतो, कुठला भोवरा शुभ आणि कुठला मालकाला खातो, हे मला बाराखडीसारखं पाठ. एक भोवरा बोटभर सरकला तरी मालक सौदा फिसकटल्यासारखं तोंड करतो. म्हणून कारवान कुत्री पाळणाऱ्या एका क्लबचा फोन आला, ‘आमच्या जातीचं आदर्श चित्र पाहिजे, प्रमाणपत्रावर छापायचंय’, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. कुत्र्याचे भोवरे कोणी बघत नाही, एवढाच विचार केला.

नमुना म्हणून शहाद्याजवळच्या एका आबांचा कारवान ठरला. नजरेनं शिकार करणारी ही जात. वास घेत बसत नाही, दिसलं की सुटते. मी कागद पसरला, आबांनी त्याला आडवा उभा केला. लांबट डोकं, खोल छाती, आत ओढलेलं पोट, सगळं झकास. मी पेन्सिलीला टोक करतोय तेवढ्यात शेजारच्या पपईच्या बागेत खार हलली आणि आबांच्या हातात नुसता पट्टा उरला. क्षितिजावरच्या ठिपक्याकडे बोट दाखवत आबा म्हणाले, “तो शे तठे. काढ तू.”

काढलं. घरी बायकोनं पाहिलं आणि म्हणाली, “रंग नंतर द्या, आधी त्याला भाकरी घाला.”

मग चित्र क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं. पहिला शेरा लातूरकडून आला: “मास्तर, हे कुत्रं हाय का घोडं?” पाहतो तर खरंच! कान मारवाडी घोड्यासारखे उभे, टोकं एकमेकांकडे वळलेली. तीस वर्षांचा हात, तो कुत्र्यासाठी थोडाच बदलणार? कान खाली पाडले. ते फार बोडके वाटले म्हणून हौसेनं बारीक केस सोडले, तर सोलापूरहून फोन: “ही पश्मी झाली!” कारवानचं अंग गुळगुळीत, झुबकेदार कान पश्मीचे. केस खरवडले. मग शेपूट. प्रत्येकाच्या घरचं कुत्रं आदर्श असल्यामुळे सात सभासदांच्या सात शेपट्या आल्या, फोटोसकट.

आमच्या सातपुड्याच्या पलीकडे, छोटा उदेपूर-अलीराजपूरकडे, घरच्या भिंतीवर देवाचा पिठोरा काढतात. तिथंही घोडेच. लखारा भिंत रंगवतो आणि मग बडवा, म्हणजे तिथला भगत, अंगात आलेला असताना येऊन चित्र तपासतो. चुकलेलं सुधारून घेतो, तेव्हा कुठे पिठोरा मान्य होतो. माझ्या नशिबी सात बडवे होते आणि सगळ्यांच्या अंगात एकाच वेळी येत होतं. इंग्लंडच्या लँडसियरनं काळं-पांढरं न्यूफाउंडलँड कुत्रं अशी रंगवली की त्या कुत्र्यांनाच त्याचं नाव पडलं. त्या भाग्यवानाच्या काळी व्हॉट्सॲप नव्हतं.

शेवटचं भांडण चित्राखालच्या नावावर. केनेल क्लब ऑफ इंडिया म्हणतो कारवान, कर्नाटकात मुधोळ म्हणतात, आणि 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची 4 तिकिटं काढली त्यातही मुधोळच. एका सभासदानं ते तिकीट भिंगाखाली धरून फोटो पाठवला. दुसऱ्यानं विचारलं, “पोस्टमननं कधी कुत्र्याबद्दल चांगलं मत दिलंय का?” दोन दिवस ग्रुप पेटला होता. शेवटी ‘कारवान’ लिहिलं. अक्षरं मात्र माझी एकदम सुंदर आली. त्यांच्याबद्दल कोणीच काही बोललं नाही.

सगळ्या दुरुस्त्यांनंतर चित्र मंजूर झालं. क्लबच्या खर्चानं मी ते नंदुरबारच्या बाजारात काच-चौकटीला टाकलं, तिथून परस्पर पाठवलं आणि बिल खजिनदारांना दिलं. ते क्लबच्या फाइलला लागलं आहे. त्यावर दुकानदाराच्या अक्षरात लिहिलंय: घोड्याचे चित्र, 1 नग.