योहान 11:35

रेव्हरंड टिळकांचं बरं होतं. 1893 साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. डब्यात एक अनोळखी गोरा गृहस्थ भेटला, त्यानं हातात बायबल ठेवलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून टाकलं. 1895च्या फेब्रुवारीत टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थाचं नाव काही त्यांना कळलं नाही, म्हणजे आभाराचं पत्र लिहायचीही कटकट नाही. माझं काम असं एका तिकिटात झालेलं नाही. मी नगर जिल्ह्यातल्या एका लहानशा मंडळीत, ख्रिस्ती घरातच जन्मलो. आणि ख्रिस्ती घरात जन्मलेल्या पोराला ख्रिस्ती करणं किती अवघड, हे आमच्या बाईंनाच विचारावं.

बाई सहा दिवस प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि सातव्या दिवशी आम्हाला. चर्चच्या मागं लिंबाखाली आमची शब्बाथ शाळा भरायची. दर रविवारी एक सोनेरी वचन पाठ म्हणून दाखवायचं आणि लिमलेटची गोळी घ्यायची, असा रोकडा व्यवहार होता. कमीत कमी भांडवलात गोळी कशी पदरात पडेल, यावर मी बराच अभ्यास केला आणि मला योहान 11:35 सापडलं. मराठीत दोन शब्द, पाच अक्षरं. ते मी लागोपाठ तीन रविवार म्हटलं. पहिल्या रविवारी बाईंनी गोळी दिली, दुसऱ्या रविवारी गोळी देऊन माझ्याकडे नीट पाहिलं. तिसऱ्या रविवारी गोळी न देता म्हणाल्या, "छान. आता पुढच्या वेळी एस्तेर, आठवा अध्याय, नववं वचन."

घरी येऊन पाहतो तर अख्ख्या बायबलातलं सगळ्यांत लांब वचन! त्यात राजाचे लेखक आहेत, तिसऱ्या महिन्याची तेवीस तारीख आहे, प्रांताधिकारी आहेत, हिंदुस्थानापासून कूशापर्यंतचे 127 प्रांत आहेत आणि प्रत्येक प्रांताला त्याच्या त्याच्या लिपीत धाडलेलं पत्र आहे. ते वचन नव्हतंच, जिल्हा परिषदेचं परिपत्रक होतं. पुढच्या रविवारी मी कूशापर्यंत कसाबसा पोचलो आणि तिथंच बसकण मारली. वेळ काढायला विचारलं, "बाई, हिंदुस्थानात म्हणजे ते पत्र आपल्याकडेपण आलं असेल?"

"निघालं असेल," बाई म्हणाल्या. "आपल्याकडे टपाल उशिराच येतं. तोवर तू तुझ्या दोन शब्दांचं सांग. कोण वारलं होतं?"

"लाजर."

"आणि येशू तिथं कशाला गेला होता?"

"त्याला उठवायला."

"म्हणजे घटकाभरात लाजर उठून बाहेर येणार, हे त्याला ठाऊक होतं. मग रडला का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लिंबाखालच्या कुणाकडेच नव्हतं. बाईंनीही सांगितलं नाही. "पुढच्या रविवारी सांग," म्हणाल्या आणि सतरंजी झटकायला उठल्या. पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

उपासनेला पेटी वाजवायचे एक मामा होते. त्यांच्या पेटीची काळी दोन पावसाळ्यात फुगायची आणि दाबलेली पट्टी वर यायचीच नाही. मग टिळकांचं भजन असो की इंग्रजी चालीवरचं जुनं गीत, त्याच्या मागं तो एक सूर अखंड चालू. मामा शांतपणे गात राहायचे, अधूनमधून पट्टीला नखानं उचकटायचे. पुढं पुण्याला शिकायला गेल्यावर तेच भजन चांगल्या पेटीवर ऐकलं आणि मला ते अगदी ओकंबोकं वाटलं. अजूनही वाटतं.

पाळकसाहेबांची प्रार्थना लांब असे. मंडळीतले आजारी, तालुक्यातले अधिकारी, मग राष्ट्रपती आणि त्यानंतर जगातले सर्व राजे. तोवर घरच्या भाकरी वाळून पापड व्हायच्या. मी एक डोळा उघडा ठेवायचो. एका सुगीच्या सणाला तो नेहमीप्रमाणे उघडला, तर पाळकसाहेबांचाही एक उघडा! आमची नजरानजर झाली. दोघांपैकी कुणालाच डोळा मिटता येईना. तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे वळली. दानार्पणाची कणसं, भोपळे, कोंबड्या दाराशीच मांडल्या होत्या आणि एक शेळी देवाच्या बाजरीवर निवांत आडवा हात मारत होती. पाळकसाहेबांनी जगातले सर्व राजे वाऱ्यावर सोडले, खणखणीत "आमेन" म्हटलं आणि झगा सावरत धावले. मंडळीनं डोळे उघडले तेव्हा वेदी मोकळी होती. दोन म्हाताऱ्यांना तर क्षणभर वाटलं, आला तो दिवस, आणि आपण मात्र मागंच राहिलो.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. छडी मिळणार म्हणून मी चड्डी सावरून उभा. ते हळूच म्हणाले, "कुणालातरी उघडा ठेवावा लागतो रे." आणि एक कणीस दिलं. शेळीनं अर्धं खाल्लेलं होतं, पण दिलं.

गेल्या नाताळात गावी गेलो, तेव्हा बाईंना भेटलो. ऐंशी उलटलेल्या, ऐकायला कमी येतं, ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. "सलाम, बाई," म्हणून पायाशी बसलो. लाजराच्या कबरेपाशी तो का रडला, याची माझ्यापाशी चाळीस वर्षांत चार उत्तरं जमली होती. एक पुस्तकातलं होतं. उरलेली तीन आमच्याच घरातून निघालेल्या अंत्ययात्रांमधून आलेली. धीर करून कानाशी ओरडलो, "बाई, त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं!"

"कुठला प्रश्न?"

मी सांगितला. त्यांना काही आठवेना. मी कोणाचा कोण, हेही बहुधा नीट लागत नव्हतं. माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग एकदम चेहरा उजळला.

"एस्तेर झालं का पाठ?"

मी सुरुवात केली. लेखक आले, तारीख आली, प्रांताधिकारी आले. कूशापाशी गाडी थांबली.

बाईंनी पदरानं चष्मा पुसला.

"पुढच्या रविवारी," म्हणाल्या.