पाठ बघा की ओ!

जुनी पोस्टकार्डं जमवणारा एक तरी माणूस तुमच्याही ओळखीत असणारच. नसला तर आमचा घेऊन जा. रविवारी खासबागच्या बाजारात कोथिंबीर घ्यायला निघालेल्या मला हे काका जुन्या सामानाच्या ढिगाकडे ओढतात. ढिगात गंजकी कुलपं, बिनकाट्यांची घड्याळं आणि नशीब असलं तर कॅम्पातल्या एखाद्या बंगल्यातून आलेला कार्डांचा गठ्ठा. गुलाबी गालांची मडम, हातात फूल, मागे मिशाळ साहेब. मी बघत राहतो. काका खेकसतात, "चित्र काय बघायलाय? पाठ बघा की ओ!"

काका विणकराच्या घरचे. साडी उलटी करून पारखायची ही घरची रीत त्यांनी साऱ्या सृष्टीला लावली. कुंद्याचा डबा उलटा करतात, लग्नपत्रिका उलटी करतात. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर तिच्या भरतकामाची फ्रेम भिंतीवरून उतरवून मागच्या गाठी तपासल्या. "पास का?" मुलीने विचारलं. लग्न तिथेच जमलं.

१९०२ पूर्वीच्या विलायती कार्डांवर त्यांचा राग. तेव्हा पाठीवर फक्त पत्ता लिहायचा. प्रेम बिचारं मडमेच्या टोपीभोवती कोंबलेलं, म्हणजे नाइलाजाने चित्र बघणं आलं! त्या वर्षी ब्रिटिश टपाल खात्याने पाठ दुभागली आणि अर्धी मजकुराला दिली. तिकीट तिरकं चिकटवून गुपित कळवायचीही तिकडे फॅशन होती. काका ती विमा कंपनीच्या पाकिटावरही शोधतात.

परवा भाचीने मोबाइलवर गुलाब पाठवला. काकांनी फोन उलटा केला. कव्हरात आधार कार्ड. "नुसता पत्ताच की! १९०२ च्या आधीचा दिसतोय."

"आपल्या लोकांना प्रेमपत्रं जमलीच नाहीत," मी एकदा म्हणालो. काकांनी पाव आण्याचं साधं कार्ड पुढे केलं. १ जुलै १८७९ पासून आपल्याकडे अशी कार्डं निघाली. सगळा उघडा कारभार: पोस्टमन वाचणार, सासरा वाचणार, त्याला वाचता येत नसेल तर शेजारी साऱ्या वाड्याला ऐकवणार. मुंबईहून मुलाने वडिलांना लिहिलेलं. पाऊस, पैसे, म्हैस. शेवटी कडेला, उभ्या ओळीत: मागल्या खोलीची कडी रात्री वाजते, ती नीट करून घेणे.

"मागल्या खोलीत कोण झोपत असेल ओ?" काकांनी विचारलं.

भाजीवालीशी रुपयासाठी भांडणाऱ्या या माणसाने त्या कार्डाला घासाघीस केली नव्हती. "कडी बसवली असेल का?" असं ते अजूनही मला भर बाजारात विचारतात. वैताग येतो. राग मात्र धरवत नाही.

हे सगळं मी घरी कौतुकाने सांगितलं. सौ. म्हणाली, "न्हाणीतला नळ दिवाळीपासून गळतोय. बघा, प्रेम असलं तर."