झोपाळ्याच्या कड्या

कोकणातल्या जुन्या घरांत ओटीवर झोपाळा असतो, आणि आपल्यावर कोण बसलंय याची त्याला काडीचीही फिकीर नसते. दुपारची जेवणं झाली की घरातले सर्वांत वजनदार काका त्यावर अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसतात. ते उठले की त्यांच्या जागी एखादं हाडकुळं नातवंड चढतं. फळी तीच, कड्या त्याच आणि हेलकाव्याला लागणारा वेळही तोच. कड्या साडेसात फुटांच्या असतील तर जाऊन परत यायला साधारण तीन सेकंद. काकांना पृथ्वी जास्त जोराने ओढते हे खरं, पण काकांना जागचं हलवणंही तेवढंच अवघड. दोन्ही हिशेब एकमेकांत फिटतात आणि सूत्रातून काकांचं वजन चक्क गळून पडतं. ज्या पोटाची गावभर चेष्टा झाली, त्याचा इतका सभ्य विचार आजवर एका गुरुत्वाकर्षणानेच केला असेल.

हेलकावा लहान असो वा मोठा, वेळ तेवढाच लागतो, हे गॅलिलिओच्या ध्यानात आलं ते म्हणे पिसाच्या कॅथीड्रलमध्ये, टांगलेला दिवा डोलताना पाहून. हेलकावे त्याने स्वतःच्या नाडीवर मोजले. ही कथा त्याच्या शिष्याने, विव्हियानीने मागाहून लिहिली, तेव्हा तिच्यात गुरुभक्तीचं थोडं पाणी असणार. पण १६०२ सालच्या एका पत्रात गॅलिलिओने लंबकाबद्दल लिहिलंय, एवढं पक्कं. मोठा हेलकावा लहानापेक्षा किंचित जास्त वेळ घेतो, ही त्यातली बारीक खोच पुढे ह्यूगेन्सने उलगडली. १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ केलं तेही त्यानेच. म्हणजे भिंतीवरचं टोल्यांचं घड्याळ आणि ओटीवरचा झोपाळा ही सख्खी भावंडं. एकाने नोकरी धरली, दुसऱ्याने घरीच राहायचं ठरवलं.

झोपाळ्याला रेटा कसा द्यावा, हे मात्र आजीकडून शिकावं. हात वाती वळण्यात गुंतलेले, डोळे अर्धे मिटलेले आणि पायाचा अंगठा तेवढा कोब्याला टेकून सुटतो. टेकतो तोही नेमक्या वेळी. अवेळी टेकला तर तोच अंगठा ब्रेक लावतो. रेटा कधी एकतर्फी नसतो, असं न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त लिहून ठेवलंय. आजी जमिनीला मागे ढकलते, म्हणून जमीन आजीला पुढे ढकलते. म्हणजे रोज दुपारी, वाती वळता वळता, ही बाई पृथ्वीला मागे सारत असते! पृथ्वीचं वजन सहावर चोवीस शून्यं इतके किलो, त्यामुळे ते कुणाच्या नजरेस येत नाही. आणि आजीनेही त्याचं श्रेय कधी मागितलेलं नाही.

माणसाच्या वजनाकडे काणाडोळा करणारा हा झोपाळा लांबीच्या बाबतीत मात्र हट्टी. वेळ दुप्पट हवा तर कड्या चौपट लागतात. नागपंचमीला चिंचेच्या उंच फांदीला बांधलेला झोका म्हणूनच इतका ऐसपैस. टोकाला पोचल्यावर पोटात जो गोळा येतो, तो तिथे विरघळायलाही सवड मिळते. सासरहून आलेल्या लेकींना झोका घ्यायला झाडच का लागायचं, हे सूत्र न मांडताही कळण्यासारखं आहे. हीच ओटी उचलून चंद्रावर नेली, तर तिथली ओढ इथल्या सहाव्या हिश्श्याची असल्याने तीन सेकंदांचा हेलकावा सात सेकंदांच्या वर जाईल. काकांची वामकुक्षी तिथे संध्याकाळपर्यंत लांबेल, अशी मला दाट शंका आहे.

हल्ली फ्लॅटच्या बाल्कनीत लोखंडी स्टँडचे झोपाळे दिसतात. चारेक फुटांची साखळी, सव्वादोन सेकंदांत जाऊन परत. त्यावर बसलं की उगाचच कुठेतरी उशीर होतोय असं वाटत राहतं. गादी उत्तम असते, समोर तुळसही असते, पण चार फुटांत निवांतपणा मावत नाही. तेव्हा झोपाळा करून घेणार असाल तर कड्यांवरचे पितळी मोर-हत्ती हवे तर वगळा, सागवानाऐवजी साधी फळी घ्या. फक्त कड्या कापू नका. तुळईपासून पुऱ्या लांबीच्या सोडा.