सहीसाठी परीक्षा

चाळिशी उलटल्यावर माणसाने परीक्षा द्यावी ती रक्ताची, तीही उपाशीपोटी, असं माझं मत होतं. कॅलिफोर्निया सरकारचं मत वेगळं निघालं. पुण्यात पंधरा-सोळा वर्षं इमारतींचं आरसीसी डिझाइन केलेली बाई इथे उतरली की ती इंजिनियर राहत नाही, इंजिनियरच्या हाताखाली आकडेमोड करून देणारी होते. ड्रॉइंगवर शिक्का मारणार तो परवानावाला. माझा शिक्केवाला साहेब माझ्या सगळ्यात धाकट्या मावसभावाच्या वयाचा. मी केलेली गणितं तो नीट तपासायचा, तोंडभर कौतुक करायचा आणि खाली स्वतःची सही ठोकायचा.

त्याच वेळी नवऱ्याच्या कार्डावर मात्र राजरोस ‘प्रिन्सिपल इंजिनियर’ छापलेलं. सॉफ्टवेअरवाल्यांना इथे कुणी परवाना विचारत नाही. त्याने उभं केलेलं महिन्यातून एकदा तरी कोसळतं, मग ते बंद करून परत चालू करतात. आमच्या धंद्यात तेवढी सोय नाही.

तर परीक्षा. पहिली ‘फंडामेंटल्स’ची : ११० प्रश्न, पाच तास वीस मिनिटं. ती सुटली की मुख्य, ८० प्रश्नांची, आठ तासांची. बाकी बहुतेक राज्यांत सिव्हिलवाला इथे सुटतो. कॅलिफोर्नियात आणखी दोन उरतात, एक भूकंपाची आणि एक सर्व्हेइंगची. ‘फंडामेंटल्स’ पास झाले तेव्हा ‘इंजिनियर इन ट्रेनिंग’ असं प्रमाणपत्र आलं. आईला फोन करून सांगितलं. कराडहून थोडा वेळ नुसताच पंख्याचा आवाज. मग म्हणाली, “अगं, मग पुण्यातल्या त्या बिल्डिंगांत माणसं राहायला गेली की गं!”

अभ्यासाला बसले आणि लक्षात आलं, अडणार होतं ते ज्ञानापाशी नाही, फुटा-पौंडांपाशी. न्यूटन आणि मीटरवर पोसलेल्या माणसाला ‘किप’ म्हणजे हजार पौंड हे पचवायला वेळ लागतो. पण मराठी माणूस यात वाटतो तितका अडाणी नाही. एका एकरात ४३,५६० चौरस फूट, हा आकडा इथली मुलं घोकतात. माझ्या वडिलांना तो विचारला असता तर त्यांनी तेहेतीस फूट बाय तेहेतीस फुटांचा गुंठा गुणिले चाळीस करून तोंडी दिला असता. पाण्याच्या प्रश्नांत प्रवाह सेकंदाला घनफुटांत मोजतात. म्हणजे आपला क्युसेक! खडकवासल्यातून विसर्ग किती हजार क्युसेकने वाढवला आणि चार धरणांत मिळून किती टीएमसी झालं, हे दर पावसाळ्यात चहाबरोबर वाचत मोठी झालेली मी; माझ्याइतकी तयारी इथल्या कुठल्या मुलाची असणार? वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट हेही आयतंच होतं, पण ते कुणी विचारलं नाही.

कॅलक्युलेटरही घरचाच. परीक्षेत मोजकीच मॉडेलं चालतात, त्यात कॅसिओचं एफएक्स-९९१ आहे. आपल्याकडे इंजिनियरिंगच्या प्रत्येक पोराच्या बॅगेत असतं ते. माझं कॉलेजातलं, झाकणाला रबरबँड लावलेलं, या वयात कामाला आलं.

खिळ्यांनी मात्र जेरीस आणलं. इथली घरं लाकडी सांगाड्याची, भिंतींना प्लायवुड मारलेलं, आणि भूकंपात सगळी मदार त्या प्लायवुडवर. म्हणून खिळे कडेला किती इंचांवर आणि मध्ये किती इंचांवर मारायचे, याचं रीतसर गणित. आम्ही जन्मभर खिळे सुताराच्या मर्जीवर सोडलेले!

परीक्षाकेंद्रात खिसे उलटे करून दाखवावे लागतात, चष्मासुद्धा काढून तपासतात. २०२२ पर्यंत सिव्हिलची मुख्य परीक्षा कागदावर असायची आणि लोक चाकांच्या बॅगांतून पुस्तकं ओढत आणायचे. आता पडद्यावर अर्ध्या भागात प्रश्न, अर्ध्या भागात संदर्भपुस्तिका. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून सूत्र वाचायला मान वर करावी लागते आणि आकडे दाबायला खाली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई प्रत्येक प्रश्नाला होकार देते आहे.

भूकंपाचा पेपर मला सगळ्यात जवळचा वाटला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आई शाळेत होती. थंडीत अंगणात काढलेली ती पहाट तिच्याकडून मी कितीदा तरी ऐकली आहे. या पेपरात ‘सॉफ्ट स्टोरी’ येते, म्हणजे बाकीच्या मजल्यांपेक्षा कमी ताठर, लवकर लवणारा मजला. १७ जानेवारी १९९४ ला लॉस एंजेलिसमध्ये नॉर्थरिजला भूकंप झाला. तिथल्या नॉर्थरिज मेडोज या इमारतसमूहात तळमजल्यावर काही भागात गाड्यांसाठी मोकळी जागा होती. वरचे मजले तळमजल्यावर बसले आणि १६ माणसं गेली. खाली खांब, मध्ये गाड्या, वर भिंतींनी भरलेले मजले : पुण्यातली कुठलीही गल्ली आठवा. आपल्या आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकात याबद्दल नियम आहेत. ते पाळले की नाही हे बाहेरून रंग बघून कळत नाही.

एवढा खटाटोप सरकारने का मांडला, हे वाचल्यावर माझी कुरकुर बरीच कमी झाली. विल्यम मलहोलंड हा आयर्लंडहून आलेला गडी, कसलीच पदवी नाही. लॉस एंजेलिसच्या पाण्याच्या चरावर पाटकरी म्हणून लागला आणि पुढे शहराच्या पाणीखात्याचा मुख्य इंजिनियर झाला. १९१३ मध्ये दोनशेहून जास्त मैलांवरून त्याने शहराला पाणी आणलं. पुढे त्याने सेंट फ्रान्सिस धरण बांधलं. १२ मार्च १९२८ ला धरणाच्या राखणदाराला गढूळ गळती दिसली. मलहोलंडने येऊन पाहिलं, धोका नाही म्हणाला. त्याच मध्यरात्रीच्या सुमारास धरण फुटलं, चारशेहून अधिक माणसं गेली. एवढं मोठं काम एकट्या माणसाच्या भरवशावर सोडायला नको होतं, मग तो कितीही थोर असो, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, कॅलिफोर्नियात सिव्हिल इंजिनियरांना परवाना सक्तीचा झाला. बिनपदवीच्या एका परदेशी माणसामुळे पदवीवाल्या परदेशी बाईला चार पेपर!

आपलं पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं. वकिलांच्या नोंदणीचा कायदा आपल्याकडे त्याच वर्षी झाला, आर्किटेक्टांचा १९७२ मध्ये. इंजिनियरांसाठी मात्र तसा देशभराचा कायदा नाही. बहुतेक ठिकाणी महापालिका आपापल्या यादीत नाव घेतात, तेवढंच.

माझा शिक्का आता टेबलाच्या खणात असतो. तो पहिल्यांदा मारला त्या रात्री झोप लागली नाही, तेव्हा साहेबाच्या सहीबद्दलचा माझा जुना राग थोडा निवळला. तुमच्याकडे एकच मागणं आहे. फ्लॅट बघायला जाल तेव्हा किचन ट्रॉली उघडून पाहा, नळ सोडून पाहा, हवं ते करा. पण निघताना बिल्डरला त्याच्या आरसीसी कन्सल्टंटचं नाव विचारा आणि ते लिहून घ्या.